धाकट्याचा ड्रेस : वडगावातल्या एका घराचं प्रकरण

बेळगावात ‘ड्रेस’ म्हटलं की फ्रॉक कुणाच्या डोळ्यांपुढं येत नाही. सलवार, कमीज आणि ओढणी, हा तीन कापडांचा जोड म्हणजे ड्रेस. खडेबाजारातला दुकानदार बाईला विचारतो, “साडी दाखवू की ड्रेस?” या एका कपड्यावरून वडगावातल्या एका घरात दीड वर्ष जे चाललं ते इथं लिहून ठेवते आहे. घरच्यांना विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत, नावं कुणाचीच दिलेली नाहीत. त्या घरात ज्याला जे म्हणतात तेच इथंही म्हणते : धाकटा, ताई, आई, बाबा, मामा.

माझं काम समुपदेशनाचं. त्याआधी बरीच वर्षं मी सौंदत्ती, रायबाग, चिकोडी भागात यल्लम्माच्या नावानं दर्शन बांधलेल्या, म्हणजे गळ्यात मण्यांची माळ घालून देवीला वाहिलेल्या, बायकांच्या पुनर्वसनाचं काम केलं. हे मुद्दाम सांगते, कारण या प्रकरणात माझ्या हातून जी चूक झाली तिचं मूळ त्या अनुभवात होतं.

बाबा उद्यमबागच्या एका फाऊंड्रीत साच्याच्या वाळूवर काम करतात. आई घर सांभाळून गल्लीतल्या साड्यांना फॉल-पिको करून देते. ताई बी.कॉम. होऊन एका दुकानात हिशोब बघते. धाकटा बावीस वर्षांचा. बारावीनंतर शिक्षण सोडलं आणि शहापुरात एका लेडीज टेलरकडं लागला. कटिंगमध्ये त्याचा हात असा बसला, की दोन वर्षांत मालक नवरीचे ब्लाउज त्याच्याच पुढ्यात टाकायला लागला.

घरच्या हॉलमध्ये एक फोटो आहे. खानापूरकडच्या त्यांच्या मूळ गावी सप्ताहात भारुड झालं, तेव्हा धाकटा गौळण झाला होता. हिरवी नऊवारी, नाकात नथ, डोक्यावर रिकामी घागर. त्या रात्री लोकांनी दहा-दहाच्या नोटा दिल्या, पाटलांच्या घरून नारळ आला. आईनं तो फोटो मोठा करून, फ्रेम लावून भिंतीवर टांगला. पाहुणे आले की दाखवायची. “वळखा बगू कोण ते?”

पुढं श्रावणात एका रात्री लाईट गेली म्हणून ताई मेणबत्ती घेऊन माळ्यावर गेली. तेवढ्यात लाईट आली. धाकटा आरशापुढं उभा होता. अंगात आकाशी रंगाचा ड्रेस, त्यानं स्वतःच शिवलेला, स्वतःच्या मापाचा. ताई काही न बोलता खाली आली, पण तिचा चेहरा बघून आई वर गेली.

“कसलं सोंग हाय? कुठं हाय कार्यक्रम?” आईनं विचारलं.

“सोंग नव्हे आई. असंच. माझ्यासाठी.”

या दोन शब्दांनी घर हललं. आई पुढं मला कितीदा तरी म्हणाली, “सोंग हाय म्हटला असता तर मी चहा टाकला असता.” हे वाक्य मी तिच्याच शब्दांत वहीत उतरवून ठेवलं आहे. सगळं प्रकरण मला त्यात दिसतं.

आपल्याकडं पुरुषानं बाईचा कपडा घालणं नवीन नाही. मराठी संगीत रंगभूमीचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, जन्म 1843 चा. त्यांच्या नाटक मंडळीत बायकांच्या भूमिका पुरुष करायचे. 1905 साली त्याच मंडळीत आलेले बालगंधर्व साडी कशी नेसतात, गजरा कसा माळतात ते बघून घरंदाज बायका तसं नटायच्या. त्यांना 1964 साली पद्मभूषण मिळालं. भारुडात, सोंगी भजनात, तमाशात, शिमग्याच्या सोंगांत साडी नेसलेला गडी आपण लहानपणापासून बघतो. आणि देवीच्या दारात तर जोगता, देवीला वाहिलेला पुरुष, आहेच. हिरवी साडी, कपाळभर भंडारा, डोक्यावर जग म्हणजे देवीची टोपली, हातात चौंडकं हे तंतुवाद्य. मंगळवारी-शुक्रवारी तो जोगव्याला दारात आला की आपण सुपातून पीठ आणतो आणि त्याच्या पाया पडतो.

म्हणजे आपल्या गावांत पुरुषाच्या साडीला दोन दारं उघडी आहेत. एक रंगमंचाचं, दुसरं देवीचं. पहिल्यात कपडा रात्रीपुरता, दुसऱ्यात जन्मभराचा. दोन्हींमध्ये कपडा नेसणारा म्हणतो, ही माझी मर्जी नव्हे. एकजण म्हणतो भूमिकेची, दुसरा म्हणतो देवीआईची. धाकटा म्हणाला, माझी. या उत्तराला आपल्याकडं दारच नव्हतं.

मग प्रत्येकानं आपापल्या परीनं दार शोधलं.

आईनं देवीचं धरलं. तिच्या माहेरी, निपाणीकडं, एका चुलत्याला असंच ‘लागलं’ होतं. त्याला सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माकडं नेऊन दर्शन बांधलं, लाल-पांढऱ्या मण्यांची माळ गळ्यात घातली, तेव्हा घर शांत झालं असं ती ऐकून होती. तिनं माघातली भारत पुनव ठरवून टाकली. नवस बोलली, पोराला लुगडं नेसवून डोंगरावर आणीन, पण घरावरचं हे काढ. ती पोराला टाकायला निघाली होती असं कुणी समजू नये. पोराच्या वागण्याला मान मिळेल अशी तिला ठाऊक असलेली ती एकच जागा होती. वेड्यापेक्षा जोगता बरा, हा तिचा हिशोब.

मामांनी डॉक्टरचं धरलं. धाकट्याला एका डॉक्टरकडं नेलं. झोपेच्या गोळ्या मिळाल्या आणि सल्ला मिळाला : लग्न लावा, सुटेल. या सल्ल्याचा मला राग आहे आणि तो लपवायचं कारण दिसत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्वच्छ लिहिलं आहे, की माणसाचं वागणं समाजाच्या रूढ नैतिक-सांस्कृतिक कल्पनांत बसत नाही एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या जुन्या यादीत, मनात लिंगबदलाची इच्छा नसताना दुसऱ्या लिंगाचे कपडे घालणं हा एक विकार म्हणून नोंदलेला होता. 2022 पासून लागू झालेल्या नव्या यादीत तो राहिला नाही. आणि त्या सल्ल्यानं जी मुलगी या घरात आली असती, तिचा विचार कुणी केला होता?

बाबांनी काहीच धरलं नाही. ते जेवायला उशिरा यायला लागले.

गल्लीतल्या पोरांनी मोबाईल धरला. माळ्याच्या खिडकीतून कुणीतरी दहा-बारा सेकंदांचा व्हिडिओ काढला आणि तो फिरला. आठवड्यात टेलरनं धाकट्याला सांगितलं, “गिऱ्हाईक बायका हायत, त्यांना बरं वाटत न्हाई.” खरं म्हणजे एकाही बाईनं तक्रार केली नव्हती. दोघीजणी तर नंतर ब्लाउज घेऊन थेट त्याच्या घरी आल्या.

मी या घरात आले ती ताईमुळं. आता माझी चूक. पहिल्याच भेटीत मी धाकट्यापुढं तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा 2019 चा कायदा ठेवला. त्या कायद्याच्या व्याख्येत किन्नर, हिजडा, अरवाणी यांच्या जोडीला ‘जोगता’ हा शब्दही आला आहे. आपल्या डोंगरावरचा शब्द संसदेच्या कायद्यात बसला, याचं मला किती अप्रूप वाटलं होतं! 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं आपलं लिंग काय ते ज्यानं त्यानं स्वतः सांगावं असा निकाल दिला. त्यानंतरचा सगळा प्रवास मी भराभरा त्याला सांगितला. जिल्हाधिकाऱ्यांकडून प्रमाणपत्र कसं मिळतं, अर्ज कसा भरायचा, सगळं. अर्जाची प्रत पिशवीत घेऊनच गेले होते.

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मॅडम, मी बाई नाही. मला बाई व्हायचं पण नाही. मला ड्रेस आवडतो.”

मी आईसारखीच वागले होते. तिनं देवीचं दार दाखवलं, मी सरकारचं. पोराला विचारलं कुणीच नव्हतं. ज्या बायकांबरोबर मी इतकी वर्षं काम केलं त्यांच्यासाठी ओळखीचा कागद म्हणजे रेशन, पेन्शन, घर. कागद मिळवून देणं म्हणजे मदत, हे माझ्या हाडीमाशी खिळलं होतं. ज्याला स्वतःला बाई म्हणवायचं आहे, किंवा ना बाई ना पुरुष म्हणवायचं आहे, त्याच्यासाठी तो कागद मोलाचा आहे आणि त्यासाठी माणसांनी वर्षानुवर्षं लढा दिला आहे. पण तो प्रश्न वेगळा. कुणाचं मन कुणावर जातं हा आणखी तिसरा प्रश्न, आणि त्यावरचा गुन्ह्याचा शिक्का 2018 साली न्यायालयानं पुसला. कपडा, ओळख, प्रेम या तीन गोष्टी आपण एकाच गाठोड्यात बांधतो आणि मग गाठ सुटत नाही म्हणून पोरांना मारतो.

पुढच्या भेटीत मी एवढंच विचारलं, “काय आवडतं ड्रेसमधलं?”

तो पहिल्यांदा मोकळा बोलला. पॅन्ट-शर्टाचं कापड अंगाला धरून उभं राहतं आणि ड्रेसचं कापड पडतं, म्हणाला. खांद्यावरून सोडलं की कुठं वळणार, कळीदार कापलं तर घेर कसा फिरणार, हे त्याला गिऱ्हाइकाच्या अंगावर रोज दिसायचं, पण स्वतःच्या अंगावर कधी कळलं नव्हतं. “शिवणाऱ्याला आपलं शिवलेलं घालून बघायला नको काय?” मग त्यानं आईच्या पेटीतला आकाशी ड्रेस मागून घेतला आणि उलटा करून मला दाखवला. आतून प्रत्येक शिवण इंटरलॉक केलेली, गळ्याला आतून तिरकी पट्टी, खालची दुमड हातशिलाईची. उजव्या बाजूच्या शिवणीत खिसा. “बायकांच्या ड्रेसला कुणी खिसा लावत न्हाई. मी लावतो.” बोलताना त्याचा अंगठा दुमडीवरून फिरत होता, एकेक टाका मोजल्यासारखा.

बोलता बोलता आणखी एक गोष्ट निघाली. भिंतीवर गौळणीच्या फोटोशेजारी त्याच्या पणजोबांचा फोटो आहे. कानात बाळ्या, गळ्यात तुळशीमाळ, खाली धोतर. न शिवलेलं कापड, पुढं निऱ्या, मागं काष्टा. नऊवारीचा काष्टा आणि धोतराचा काष्टा एकाच आईची लेकरं. पेशवाईतल्या पुरुषांचा जामा बघा, कमरेखाली केवढा तो घेर! पॅन्ट आपल्या घरात येऊन किती पिढ्या झाल्या? दोन, फार तर तीन. मामा जेव्हा म्हणाले, “गड्यानं गड्यागत राहावं,” तेव्हा ताईनं त्यांना तो फोटो दाखवला. मामा म्हणाले, “ती जुनी माणसं.” पण थोडे थांबून म्हणाले.

शिक्षेच्या भीतीनं कपड्याला धाक बसला, असाही एक काळ होऊन गेला. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात हिजड्यांवर एक वेगळा भागच होता. नोंद झालेला माणूस रस्त्यावर बाईच्या कपड्यांत, दागिन्यांत दिसला तर दोन वर्षांपर्यंत कैद. तो भाग आपल्या इकडं नव्हे, उत्तरेत राबवला गेला. पण साहेबांच्या नजरेची ती लाज मामांच्या पिढीपर्यंत पोचली आहे, असं मला वाटतं.

माघ जवळ येत होता. आई नवसावरून हटत नव्हती. कायद्यानं तिला अडवता आलं नसतं. कर्नाटकाचा 1982 चा देवदासी बंदी कायदा बाईच्या समर्पणाबद्दल बोलत होता. मुलाला दर्शन बांधलं तर त्या कायद्याच्या भाषेत ते बसत नव्हतं. या कामातल्या आम्हा लोकांना ही उणीव ठाऊक होती, आणि ती केव्हाच भरून निघायला हवी होती.

मग मी सौंदत्तीकडच्या एका जुन्या ओळखीच्या जोगतीला घरी बोलावलं. जन्मानं मुलगा, सोळाव्या वर्षी दर्शन बांधलेलं, आता साठी ओलांडलेली. सगळे तिला आक्का म्हणतात, मीही. आईनं तिची ओटी भरली, पाय धुतले. आक्कानं जग पाटावर ठेवला, तोंड पुसलं आणि धाकट्याला पुढ्यात बसवून घेतलं.

“सपनात देवीआई येते काय?”

“न्हाई.”

“डोस्क्यात जट? अंगावर काय उठलं? दुखणं?”

“न्हाई.”

“मग लुगडं कशाला?”

“कापड अंगावर कसं पडतंय ते बघायला आवडतं. हलकं वाटतं.”

आक्का त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिली. मग हात हलवत, आधी कानडीत, आईला म्हणाली, “बेड, बेड. नको बांधू ह्याला. मला आईनं धरलं तवा मी आरशात बघितलं न्हाई बाळे, रानात पळालो. रडलो. माझ्या अंगावरचं लुगडं माझं न्हवं, तिचं हाय. तिनं सोड म्हटलं तरी सुटायचं न्हाई. ह्याचं लुगडं ह्याचं स्वतःचं हाय. ह्याच्यात आई न्हाई. ह्याला कापडाची हौस हाय. हौसेला दर्शन बांधलंस तर आई तुलाच विचारील.”

‘पळालो’, ‘रडलो’ हे पुल्लिंगी रूप तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. सोळा वर्षांच्या पोराची ती गोष्ट होती, म्हणून असेल.

आई रडली. आक्का जोगवा घेऊन गेल्यावर स्वयंपाकघरात बसून तिनं मला जे सांगितलं ते तिनं पोरांनाही कधी सांगितलं नव्हतं. लग्न होऊन निपाणीहून खानापूरकडं आली 1996 साली. माहेरी ती ड्रेस घालायची, बरोबरच्या पोरीही घालायच्या. सासरी फक्त साडी. पाच वर्षांनी, ताईच्या बाळंतपणातून मोकळी झाल्यावर, बेळगावला दवाखान्यात जायचं म्हणून तिनं ट्रंकेतला पिवळा ड्रेस काढून घातला. सासूनं दारातच अडवलं. “लगीन झालेली बाई तू. पोरीगत कापडं घालून कुणाला दाखवूलीस?” दुसऱ्या दिवशी तो ड्रेस फाडून त्याचं पायपुसणं झालं होतं. त्याच पायपुसण्यावर पाय पुसत ती दोन वर्षं घरात ये-जा करत होती. आज तीच आई गाऊनवर नळाला जाते आणि गल्लीत कुणाला काही वाटत नाही.

“मी त्याचा फाडला न्हाई,” ती म्हणाली. “पेटीत ठेवला. किल्ली माझ्यापाशी हाय, पण फाडला न्हाई.”

मी काही बोलले नाही. बोलायची गरज नव्हती. तिनं स्वतःच उठून किल्ली शेल्फवर ठेवली.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. मामा त्या घरी जेवत नाहीत. ताईला आलेलं एक स्थळ चौकशीनंतर गप्प झालं. कारण कुणी सांगितलं नाही, पण सगळ्यांना कळलं. ताई म्हणते, असल्या घरात मलाही जायचं नाही. पण रात्री तिला झोप लागत नाही हेही तिनंच मला सांगितलं. या ओझ्यातला मोठा वाटा तिच्या खांद्यावर आला, आणि धाकट्याशी मी हे स्पष्ट बोलले आहे. तो ड्रेस घालून रस्त्यावर जात नाही. गेला तर काय होईल याचा अंदाज त्याला आहे, आणि ‘धीर धर, जा’ असं मी त्याला सांगणार नाही. मार त्याला बसणार आहे, मला नव्हे. व्हिडिओबद्दल पोलिसांत जायचं का, यावर आम्ही तीनदा बोललो. तो नको म्हणाला. ताई हो म्हणाली. निर्णय त्याचा होता.

बाबांचं सांगायचं राहिलं. टेलरचं काम सुटल्यावर आईचं शिलाई मशीन हॉलमध्येच होतं. धाकटा दिवसा तिथं बसायचा आणि बाबा आले की उठायचा. एका रविवारी बाबांनी मशीन पायांच्या स्टँडसकट उचललं आणि एकट्यानं माळ्यावर नेऊन ठेवलं. ओतकामावर जन्म गेलेला माणूस, पाठ दुखते, पण कुणाला हात लावू दिला नाही. खिडकीला जाड पडदा लावला. एक ट्यूबलाईट आणून बसवली. खाली येऊन म्हणाले, “वर उजेड कमी होता.” त्यांच्या तोंडून या विषयावर मी ऐकलेलं हे एवढंच.

आता धाकटा माळ्यावर बसून शिवतो. गल्लीतल्या बायका ब्लाउज देतात, आणि ड्रेसला खिसा लावून मागतात. रात्री नऊनंतर तो ड्रेस घालून कधी शिवतो, कधी घालत नाही. आकाशी जुना झाला, आता एक गर्द निळा आहे.

नवसाचं काय, हा आईचा प्रश्न उरलाच होता. बोललेला नवस फेडायला पाहिजे. आक्कानं वाट काढून दिली : पोराला लुगडं नेसवून आणायची गरज नाही, पोरानं देवीआईला लुगडं आणावं. माघी पुनवेला आई, धाकटा आणि मी एस.टी.नं डोंगरावर गेलो. जोगुळभावीच्या कुंडावर बायकांची ही गर्दी, भंडाऱ्यानं सगळी वाट पिवळी झालेली, “उदं गं आई उदं” चाललेलं. धाकटा पॅन्ट-शर्टात होता. हातात हिरवी साडी, आणि तिचा फॉल त्यानं दोन रात्री बसून हातानं लावलेला. मशीनवर का नाही लावला म्हणून आईनं विचारलं, तेव्हा म्हणाला, मशीनचा टाका काठावर ओढ देतो.

आक्का वाटेत भेटली. देवीला चढवायच्या आधी तिनं साडी मागून घेतली, काठ उलटा केला आणि डोळ्यांजवळ नेऊन बघितला.

“टाकं बारीक हायत,” म्हणाली. मग आपल्या पदराचं उसवलेलं टोक तिनं धाकट्यापुढं धरलं. त्यानं खिशातून सुई-दोरा काढला आणि तिथंच पायरीवर बसला.